लपलेल्यानं उत्तर द्यायचं

९ जानेवारी

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर माझंच आहे. तुमच्या भावाचं नाही, म्हणून घाबरू नका. बोटीवर काही झालेलं नाही. हे मजेत आहेत, इंजिनरूमच्या उकाड्यातसुद्धा वजन वाढलंय म्हणतात. मुलंही बरी आहेत. आता श्वास घ्या आणि पुढचं वाचा.

एक साधी चौकशी आहे, म्हणून लिहितेय. ढब्बूला हल्ली लपाछपीचं वेड लागलंय. सगळीच मुलं लपतात, त्यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. पण हा लपला की सापडत नाही, आणि कितीही हाका मारा, ओ देत नाही. मागच्या रविवारी मी पोळ्या लाटत होते. मुंगी पायाशी बसून कणकेचे गोळे चाटत होती. ढब्बू म्हणाला, शोध मला. मी म्हटलं, हो रे. तवा उतरवून शोधायला गेले तर घर रिकामं.

पलंगाखाली बघितलं, पडद्यामागे बघितलं, धुण्याच्या मशीनचं झाकण उघडून आत हात घातला. मग जिना. मग गच्ची. मग गच्चीच्या कठड्यावरून खाली बघितलं. त्या बघण्याबद्दल मी लिहू शकत नाही. परत घरात येऊन मोठ्यानं रडायला लागले, तेव्हा मुंगी चपलांच्या कपाटाशी गेली आणि दारावर थापा मारून म्हणाली, "दादा, आई ललली." तो आतच होता. माझं रडणं त्याला ऐकू येत होतं.

मी विचारलं, ओ का नाही दिलीस? तर साहेब म्हणाले, "आत्यानं शीळ घातली की उत्तर द्यायचं असतं. तू शीळ घातलीच नाहीस."

तर वन्सं, ती शीळ कसली आहे, तेवढं कळवा. ह्यांना विचारलं तर म्हणतात, ती तिची डोंगरावरची भाषा आहे, मला फक्त टॅक्सी थांबवण्यापुरती शिट्टी मारता येते. तुमच्या हवामान केंद्रावर फोन लागत नाही, आणि लागला असता तरी मी केला नसता, हे तुम्हालाही माहीत आहे.

गच्चीवरच्या त्या संध्याकाळबद्दल मला काहीही बोलायचं नाही. तुम्ही पाठ करून संत्रं सोलत बसला होतात आणि माझा मुलगा पाण्याच्या टाकीच्या शिडीवर होता. मी ओरडले, तो घसरला, हनुवटीला टाके पडले. तुम्ही म्हणालात, "तो उंचीला घाबरला नव्हता, तुझ्या आवाजाला घाबरला." वर्ष झालं, ते वाक्य अजून माझ्या घशात अडकलेलं आहे. माझ्या मुलांपासून लांब राहा, असं मी म्हणाले. ते परत घेण्यासाठी हे पत्र नाही.

फक्त शिळेचं कळवा.


२ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर आलं. तुमची रेशनची जीप आठवड्यातून एकदाच खाली येते म्हणे, तरीही आलं. कागदाच्या पाठीमागे तुम्ही जिभेचं चित्र काढलंत, ते बघून मुंगीला वाटलं बेडूक आहे. आता ती त्या कागदाला रोज खाऊ भरवते.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे आरशासमोर उभी राहिले. दोन बोटं, जीभ मागे दुमडायची, ओठ दातांवर आत घ्यायचे, आणि फुंकायचं. नुसती हवा. मग नुसती थुंकी. आरसा पुसून परत. ढब्बू हसून हसून जमिनीवर लोळला. मुंगीनं शेजारच्या मावशींना बातमी दिली, "आई आरशावर थुंकते." वर्कशॉपमध्येसुद्धा करून बघितलं. चष्म्याच्या काचा घासताना मशीनचा आवाज इतका असतो की कोणाला कळत नाही, पण आमच्या मालकीणबाईंनी बघितलं आणि विचारलं, दात दुखतोय का? माझ्याच्यानं ते होणार नाही. काही माणसांना पोहता येत नाही, मला शीळ येत नाही.

पण अर्थ तरी कळला. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे "कुठे आहेस?" आणि दोन आखूड, एक लांब म्हणजे "इथे आहे." तुमच्यातलं एक जण पाऊस मोजायला उतारावर जातं आणि धुकं उतरलं की दुसरं खोलीच्या दारातून विचारतं. शब्द वाऱ्यात फुटतात, शीळ फुटत नाही. लपाछपीतसुद्धा तुम्ही त्याला तोच नियम शिकवलात: लपलेल्यानं उत्तर द्यायचंच. आणि खाली तुम्ही लिहिलंत, "धुक्यात गप्प बसणारा माणूस स्वतःसकट सगळ्यांना मारतो."

तुमचं खरं असेल. पण वन्सं, आमच्याकडे धुकं नसतं. आमच्याकडे माणसं असतात, आणि मला भीती माणसांची वाटते.

आता ऐका. मागच्या आठवड्यात शाळा सुटताना एक माणूस फाटकाशी उभा होता. चांगला इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटाचा पुडा. ढब्बूच्या वर्गातल्या एका मुलीला त्यानं नावानं हाक मारली. नाव तिच्या दप्तरावर लिहिलेलं होतं, तेच वाचलं. ती "ओ" म्हणून त्याच्याकडे चालायला लागली. बाईंनी बघितलं म्हणून वाचली. माणूस शांतपणे चालत निघून गेला, पळालासुद्धा नाही. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटली, की तो पळाला नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी दप्तरांवरची, डब्यांवरची, पाण्याच्या बाटल्यांवरची नावं स्पिरिटनं पुसली. आणि ढब्बूला बसवून सांगितलं, आजपासून आपला एक परवलीचा शब्द. तो सांगितल्याशिवाय कोणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही, दार उघडायचं नाही, आवाज काढायचा नाही. ओळखीचं असलं तरी नाही. शब्द त्यानंच निवडला. कोणता ते तुम्हालाही सांगत नाही, रागावू नका.

म्हणजे तुमचा नियम एक आणि माझा बरोब्बर उलटा. त्याला मी सांगितलंय की घरात आईचाच चालतो.


२१ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आधी गंमत. ढब्बूचा पुढचा दात पडला. पडला म्हणजे पावाच्या कडेत अडकून बाहेर आला, आणि ते आम्हाला पाव अर्धा संपल्यावर कळलं. मला वाटलं गिळला. डॉक्टरांना फोन केला. घशात अडकला तर, श्वासनळीत गेला तर, मी सगळं एका दमात विचारलं. ते म्हणाले, "बाई, आधी ताटलीत बघा." ताटलीत होता. डॉक्टर आता माझा नंबर बघून उचलण्याआधी पाणी पीत असावेत.

आणि त्या फटीतून त्याला शीळ यायला लागली! बोटंबिटं काही नाहीत, नुसतं ओठ आवळून फुंकतो. बारीक, धारदार, कानात घुसणारी. तुमची दोन आखूड, एक लांब. सकाळी उठल्यापासून सुरू. आंघोळीत, जेवताना, संडासातून. मी "कुठे मेलास?" म्हणून ओरडले की उत्तर येतं. चालू द्या, म्हटलं. निदान ह्या घरात कोणालातरी आली.

मुंगीबद्दल विचारलंत. मुंगी आता जिना चढते, आणि मी तिच्या मागे हात पसरून चढते. द्राक्षाचे चार तुकडे करते. शर्टांची वरची बटणं कापून टाकलीत. खिडक्यांना जाळ्या, सॉकेटांना झाकणं, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज. समोरचे बँकवाले काका म्हणतात, तुमच्या घरात पडलं तर उसळी मारून वर येईल माणूस. हसू द्या. झोपताना ती माझ्या कानाची पाळी धरून झोपते आणि मी हलत नाही, पाठ मोडली तरी हलत नाही. एवढं सुख असलं की ते जाण्याची भीती वाटणारच ना? की तुम्हाला नाही वाटत असं?

आता मुद्द्याचं. परवा मी ढब्बूची परीक्षा घेतली. काकांना म्हटलं, बाहेरून बेल वाजवा, नावानं हाक मारा, चॉकलेट देतो म्हणा. मी स्वयंपाकघरात लपून बघत होते. काकांनी हाका मारल्या, दार वाजवलं, "अरे आग लागलीय, बाहेर ये" असंसुद्धा म्हणाले. ते त्यांचं त्यांनीच घातलं, मी सांगितलं नव्हतं. ढब्बूनं मुंगीचा हात धरला, तिला टेबलाखाली नेलं आणि मिटल्या तोंडानं बसून राहिला. मुंगी चुळबुळ करायला लागली तर तिच्या कानात हळूच गोष्ट सांगत होता. मला इतकं भरून आलं की काय सांगू. त्याला उचलून मुके घेतले.

तो म्हणाला, "पण काका तर आपलेच आहेत ना?"

मी म्हटलं, "तरी नाही."

"आणि खरंच आग असली तर?"

"तर मी येईन. मी आले की शब्द सांगेन."

पटलं त्याला. शहाणा आहे.


१४ मार्च

वन्सं,

एप्रिलमध्ये तुमची रजा आहे, चार दिवस येऊ का, असं तुम्ही विचारलंत. पत्र ढब्बूनं माझ्या हातातून ओढलं. त्याला आता अक्षरं लावून वाचता येतं. "ये-ऊ-का" एवढं त्यानं लावलं आणि घरभर नाचला.

नका येऊ. अजून नको.

तुम्ही वाईट आहात असं नाही. तुम्ही मुलांवर जीव टाकता हेही मला दिसतं. पण तुम्ही आलात की तो शिडीवर चढेल, पाइपावर चढेल, आणि तुम्ही संत्रं सोलाल. मी तेवढ्या दिवसांत मरेन. हे बोटीवर आहेत, घरात मी एकटी मोठी आहे, काही झालं तर विचारणार मलाच. तुम्हाला कोणी विचारत नाही, वन्सं. म्हणून तुम्हाला पाठ करून बसता येतं.

आणि शीळ बंद केली आहे. मुंगी दुपारी झोपली की नेमकी सुरू व्हायची, आणि शेजारच्या मावशींनी दोनदा तक्रार केली. त्याला सांगितलं, ही घरात नाही, रस्त्यावर नाही, कुठेच नाही. त्यानं विचारलं, "आत्यानं विचारलं तर?" मी म्हटलं, आत्या इथे नाहीये. संध्याकाळी पाहिलं तर ओठ आवळून नुसती हवा सोडत होता, आवाज न करता. दोन आखूड, एक लांब. मी बघतेय म्हटल्यावर थांबला.

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं परवडतं, दुसरं काही परवडत नाही.


२७ मार्च

वन्सं,

मुलं जिवंत आहेत. आधी हे वाचा. दोघंही आहेत, माझ्या समोर आहेत, मुंगी झोपली आहे आणि ढब्बू भिंतीला टेकून बसलाय. मला हे कोणालातरी सांगायचंय आणि ह्यांना सांगायची हिंमत नाही.

काल शाळेला सुट्टी होती, पाण्याची मोठी लाइन फुटली म्हणून. शेजारच्या मावशींना ताप. मी दोघांना घेऊन वर्कशॉपला गेले. तुम्ही ते बघितलेलं नाही. जुनी व्यापारी इमारत आहे, प्रत्येक मजल्यावर लांब बोळ आणि दोन्हीकडे खुराडी. आमचं तिसऱ्यावर. पुढे मशीन, मागे काचा धुण्याची छोटी खोली, तिला मागच्या गल्लीकडे एक झरोका. मी मुलांना त्या मागच्या खोलीत बसवलं. रिकाम्या फ्रेमा दिल्या खेळायला. मुंगीनं एक मोठी काळी फ्रेम नाकावर चढवली आणि मला म्हणाली, "बाई, काय हवंय?" मी हसले. तयार चष्म्यांचं पार्सल रस्त्यापलीकडच्या दुकानात द्यायचं होतं. मालकीणबाई म्हणाल्या, मी आहे ना, जाऊन ये. मी ढब्बूला म्हटलं, इथेच बस, शब्द आठवतोय ना? त्यानं मान हलवली.

दुकानातून बाहेर आले तर आमच्या इमारतीच्या तळमजल्यातून काळा धूर येत होता. तिथे गाद्यांचं गोडाऊन आहे. माणसं जिन्यातून पळत बाहेर येत होती, तोंडावर रुमाल, ओढण्या. मी धावले. मालकीणबाई बाहेर उभ्या होत्या, फ्रेमांचं काम करणारा आमचा पोरगेला कारागीर बाहेर उभा होता. मुलं नव्हती.

मालकीणबाई मला बघून म्हणाल्या, "तू त्यांना घेऊन गेलीस ना?"

त्या मागच्या खोलीत गेल्या होत्या, वन्सं. त्यांनी दारातून हाका मारल्या होत्या. नावानं, पुन्हा पुन्हा. ढब्बूनं हाका ऐकल्या, आणि मुंगीला घेऊन धुण्याच्या ओट्याखाली, बादल्यांच्या मागे शिरून बसला. मालकीणबाईंनी शब्द सांगितला नव्हता. खोलीत कोणी दिसेना, आवाज येईना, धूर वाढत होता. त्यांना वाटलं मी दोघांना बरोबर नेलं. त्यांचा काय दोष?

मी जिन्यात घुसले तर मला धरलं. कोणी धरलं ते माहीत नाही, मी चावले त्याला. बंब आला होता. मी खालून ओरडायला लागले. शब्द ओरडायला लागले. आता लपवून काय करू, आमचा शब्द "निळा हत्ती" होता. मी भर रस्त्यात ऊर फुटेपर्यंत "निळा हत्ती, निळा हत्ती" ओरडत होते आणि लोकांना वाटलं बाईचं डोकं फिरलं. एकानं मला पाणी दिलं, बसा म्हणाला. बंबाच्या पंपाची घरघर इतकी होती की माझं मलाच ऐकू येत नव्हतं. बंबवाल्याला सांगितलं, मुलं तिसऱ्यावर आहेत, मागच्या खोलीत, त्यांना निळा हत्ती म्हणा. भला माणूस, हसला नाही. दोघं जण मुखवटे लावून वर गेले. वर बोळ, दोन्हीकडे दारं, धूर इतका की स्वतःचा हात दिसत नव्हता म्हणे. आणि मी घाईत मागची खोली म्हटलं, पण कुठल्या दुकानाची हे सांगायचं राहिलं. ते प्रत्येक दारात ओरडत गेले, मुखवट्यातून. ढब्बू आज म्हणाला, "कोणीतरी गुरगुरत होतं. हत्तीसारखं ऐकू नाही आलं." ते परत खाली आले. हवा संपली होती त्यांची. दुसरे दोघं तयारी करत होते.

त्या वेळी मला तुमचं वाक्य आठवलं. गच्चीवरचं नव्हे, पत्रातलं. धुक्यात गप्प बसणारा. माझा मुलगा वर धुक्यात गप्प बसला होता, कारण मी त्याला गप्प बसायला शिकवलं होतं आणि त्याबद्दल मुके घेतले होते.

मी बोटं तोंडात घातली. जीभ मागे, ओठ आत. हवा. परत. थुंकी. माझी बोबडी वळली होती, ओठ एका जागी राहत नव्हते. देवा, एकदाच येऊ दे, म्हटलं. नाही आली.

रस्त्याच्या मधोमध वाहतूक पोलीस उभा होता, गाड्या मागे लोटत. त्याच्या तोंडात शिट्टी होती.

मी ती ओढून घेतली. दोरीसकट, त्याच्या गळ्यात असतानाच. तो माझ्याबरोबर ओढला गेला. मी फुंकलं. एक लांब, दोन आखूड. बंबाच्या साहेबाला ओरडून सांगितलं, पंप थांबवा, तो उत्तर देईल, त्याला उत्तर द्यायचं माहीत आहे. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. पंप थांबला. तिथल्या माणसांनी आपणहून बोलणं थांबवलं. मी परत फुंकलं. एक लांब, दोन आखूड.

काही नाही.

वन्सं, मी त्याला बंदी केली होती ना. घरात नाही, रस्त्यावर नाही, कुठेच नाही. तो माझं ऐकणारा मुलगा आहे. मी उभी होते आणि मनात म्हणत होते, ऐकू नकोस माझं. एकदा तरी माझं ऐकू नकोस.

तिसऱ्यांदा फुंकलं. पोलीस माझ्याशेजारी वाकून उभा होता, दोरीमुळे त्याला सरळ होता येत नव्हतं, पण तोही श्वास रोखून होता.

आणि आलं. बारीक. पुढून नाही, मागच्या गल्लीच्या बाजूनं. दोन आखूड, एक लांब.

मी खालीच बसले. बंबवाले शिडी घेऊन गल्लीकडे धावले. मी बसल्या बसल्या फुंकत राहिले, तो उत्तर देत राहिला, आणि ते त्या आवाजावर झरोक्याशी पोचले. गज कापले. आधी मुंगी आली, काळी फ्रेम नाकावर तशीच. मग तो.

त्याचं तोंड काजळलं होतं. ओठांना थोडं खरचटलंय, फुंकून फुंकून. डॉक्टरांनी दोघांची छाती तपासली, रात्रभर ठेवून घेतलं, आज सकाळी सोडलं. धूर फार गेला नाही, ओट्याखाली जमिनीलगत होते म्हणून. त्यानं नळ सोडून मुंगीचा फ्रॉक ओला केला होता आणि तिच्या तोंडावर धरला होता. हे त्याला कोणी शिकवलं? मी नाही. तुम्ही का?

शिडीवरून उतरल्यावर तो माझ्याकडे आला नाही. आधी गर्दीत बघायला लागला, इकडेतिकडे, माणसांच्या पायांमधून. मी त्याला घट्ट धरलं तर माझ्या खांद्यावरून मान वळवून बघत होता.

"आत्या कुठाय?" म्हणाला. "आत्या आली ना? आत्यानं विचारलं म्हणून मी सांगितलं. तू नाही म्हणाली होतीस, पण आत्यानं विचारलं."

मी त्याला सांगितलं नाही की ती शिट्टी माझी होती. मी म्हटलं, येतेय. आत्या येतेय.


३० मार्च

वन्सं,

मागच्या पत्राआधी हे पोचणार नाही, दोन्ही एकाच जीपनं येतील. मागचं आधी वाचा.

वर्कशॉप बंद आहे. मी घरी आहे. ढब्बू आता बंदी उठल्यापासून अखंड शीळ घालतो आणि मी स्वयंपाकघरातून चमच्यानं पातेल्यावर उत्तर देते. दोन टिचक्या आणि एक जोरात. एखादं उत्तर चुकलं तर तो धावत येतो आणि मला बघून जातो. आणि त्याची शीळ जरा थांबली की मी हातातलं टाकून त्याला बघून येते. आम्ही दोघंही एकमेकांना हरवायला घाबरतोय. त्यानं ओट्याखाली काय विचार केला असेल, ते मी विचारलेलं नाही. मुंगीला विचारलं, तर ती म्हणाली, "दादानं गोष्ट सांगितली. संपलीच नाही."

वाहतूक पोलीस काल येऊन गेला. मला वाटलं शिट्टी परत मागायला. त्यानं नवी आणली होती, लाल दोरीची. म्हणाला, "ही ठेवा, बाई. परत माझ्या गळ्याला हात घालू नका." मी हसले आणि मग रडले, त्याला काय करावं कळेना, त्यानं मुंगीशी हात मिळवला आणि गेला.

भीती गेलेली नाही. द्राक्षांचे चार तुकडेच करणार आहे, आणि तुम्ही संत्रं सोलत पाठ करून बसलात तर मी बोलणार आहे. तेवढी मी बदलले नाही, उगाच आशा लावून येऊ नका. पण या. रजेची वाट बघू नका. पुढच्या जीपनं या.

दाराची बेल आम्ही काढून टाकली आहे. हाक मारलीत, दार वाजवलंत, तरी तो उघडणार नाही, आणि मी त्याला उघडायला सांगणार नाही. शब्द आता बदललाय. तो लिहून कळवता येत नाही, आणि मला तोंडानंही काढता येत नाही. खाली रस्त्यावर उभ्या राहून विचारा. तो उत्तर देईल, आणि मग दार आतून उघडेल.